एक्सरे क्लिअर, तरी दम का लागतो? फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचं निदान नक्की कसं करतात

शेवंती
नमस्कार मंडळी. बाबांसाठी विचारतेय, वय ६८. जिना चढला की दम लागतो, सकाळी उठल्यावर बराच वेळ खोकला आणि थोडा कफ. सिगारेट बरीच वर्षं होती, आता सुटलीय. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, एक्सरे काढला, क्लिअर आहे म्हणाले, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असावा म्हणाले आणि इन्हेलर दिला. आता छातीच्या डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणतात आधी पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसाची टेस्ट, करा, मग लागला तर सीटी, मग बसून बोलू. बाबांचं एकच पालुपद, एक्सरे क्लिअर आहे म्हणजे फुफ्फुस क्लिअर आहे, कशाला उगाच टेस्टा. त्यांना समजावता येईल असं कोणी सांगेल का? एक्सरेमध्ये दिसत नाही ते फुंकून कसं दिसतं? आणि एकाच आजारासाठी इतक्या वेगवेगळ्या टेस्टा का?

तिरपागडा
कारण मशीन घेतलंय ते वसूल करायचंय. दुसरं काय.
पूर्वीचे डॉक्टर नाडी बघून आणि पाठीला कान लावून सांगायचे. आता खोकला आला की सीटी.

फुंकर
@तिरपागडा, कान लावायचे ते बरोबर, स्टेथोस्कोप १८१६ सालचा, त्याआधी कानच लावत होते. पण फुंकायची टेस्ट पण काही कालची नाही. जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने लंडनमध्ये स्पायरोमीटर, म्हणजे फुंकलेली हवा मोजायचं यंत्र, बनवला आणि दोन हजारांवर माणसं फुंकवून घेऊन १८४६ साली छापलं की माणसाची उंची आणि त्याच्या श्वासात मावणारी हवा यांचा संबंध असतो. म्हणजे सीटीच्या सव्वाशे वर्षं आधीची टेस्ट आहे ही.

@शेवंती, मी पीएफटी टेक्निशियन आहे, दिवसभर लोकांना "जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका" असं ओरडून सांगणं हेच माझं काम, त्यामुळे फुंकण्याबद्दल मी सांगते, बाकीचं डॉक्टर लोक सांगतील.

एक्सरे म्हणजे फोटो. फोटोत आकार दिसतो, हवा किती वेगाने बाहेर पडते ते दिसत नाही. सीओपीडीमध्ये त्रास असतो तो बारीक श्वासनळ्यांमध्ये, त्या अरुंद होतात, हवा आत जाते पण लवकर बाहेर येत नाही. हे मोजायचं तर माणसाला पूर्ण श्वास भरून एकदम जोरात सोडायला लावणं हाच उपाय. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली तो एफईव्ही वन, आणि शेवटपर्यंत एकूण किती आली तो एफव्हीसी. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. इन्हेलरचं औषध (बहुतेक ठिकाणी साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम) देऊन पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकवतात, आणि त्यानंतरही हा भागाकार ०.७० च्या खाली राहिला तर श्वासनळ्यांत कायमचा अडथळा आहे असं धरतात. "औषधानंतर" हा शब्द लक्षात ठेवा. नुसतं आधीचं फुंकून सीओपीडीचा शिक्का मारलेले रिपोर्ट मी खूप बघते आणि मला राग येतो.

आता मशीनपेक्षा जास्त गडबड फुंकण्यात होते. सरळ बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर, नाकाला क्लिप, ओठ नळीभोवती घट्ट, जीभ मध्ये नको. श्वास अगदी गळ्यापर्यंत भरायचा आणि अजिबात न थांबता फाडकन सोडायचा, आणि मग आता काही उरलंच नाही असं वाटलं तरी फुंकत राहायचं. लोक इथेच सोडतात. दोन-तीन सेकंदांनी थांबले की एफव्हीसी खोटा कमी येतो, भागाकार खोटा चांगला येतो, आणि आजार असलेला माणूस कागदावर नॉर्मल होऊन घरी जातो. उलटं म्हणजे कोणी सुरुवातच हळू केली तर एफईव्ही वन पडतो आणि नसलेला आजार दिसतो. म्हणून किमान तीन नीट फुंका लागतात, आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन एकमेकींच्या १५० मिलीच्या आत असाव्या लागतात. मोठ्यांमध्ये आठच्या पुढे शक्यतो नेत नाही, माणूस दमतो आणि आकडे घसरायलाच लागतात.

आणि मशीन रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने तपासायचं असतं. तुमच्या तिथे करतात का विचारा, चिडले तर समजून जा 😀

अर्धवट_वाचक
मस्त माहिती फुंकर ताई.
पण एक शंका, आमच्याकडे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे, ते ९७ दाखवतं. ऑक्सिजन ९७ असेल तर फुफ्फुस ठीकच ना? मग फुंकायचं कशाला?

छातीवाला
@अर्धवट_वाचक, नाही. हा प्रश्न ओपीडीत रोज येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब आणि बोटावरचा टक्का यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. दाब बराच खाली आला तरी टक्का नव्वदच्या वर टिकून राहतो, साधारण ६० मिमीच्या आसपास पोचल्यावर टक्का ९० ला येतो आणि मग तिथून धाडकन घसरतो. म्हणजे तुमचं निम्मं काम बिघडलेलं असेल तरी बसल्या जागी ऑक्सिमीटर ९६-९७ दाखवू शकतो. ते यंत्र आत्ता, या क्षणी ऑक्सिजन पुरतोय का एवढंच सांगतं, आजार आहे का आणि कुठला ते सांगत नाही. त्यात बोटं गार असली, नेलपॉलिश असलं तर आकडा चुकतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं हे आता नीट सिद्ध झालेलं आहे. ज्यांचा आकडा ९२ च्या आसपास किंवा खाली असतो, किंवा जे सकाळी डोकं जड होतं, दिवसा पेंग येते असं सांगतात, त्यांचं मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी करतो. त्यात कार्बन डायऑक्साइड साठतोय का ते कळतं. ते ऑक्सिमीटरला कळतच नाही.

@शेवंती, वडिलांना असं सांगा. एक्सरे आम्ही सीओपीडी सिद्ध करायला काढत नाही. तो काढतो दुसरं काही नाही ना हे बघायला, म्हणजे गाठ, टीबी, न्यूमोनिया, छातीत पाणी, वाढलेलं हृदय. सीओपीडी बराच पुढे गेला की मग एक्सरेत फुफ्फुसं फुगलेली आणि छाती-पोटामधला पडदा सपाट झालेला दिसतो. तोपर्यंत फोटो स्वच्छच असतो. तेव्हा "क्लिअर" याचा अर्थ "या चार-पाच गोष्टी दिसल्या नाहीत" एवढाच.

आणि दम लागणं हे लक्षण फुफ्फुसाच्या एकट्याच्या मालकीचं नाही. अडुसष्ट वयाला हृदय कमी पंप करतंय, रक्त कमी आहे, वजन वाढलंय, थायरॉइड बिघडलंय, यातलं काहीही असू शकतं आणि बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी एकत्रच असतात. म्हणून ईसीजी, टूडी एको, साधा सीबीसी हे सोबत निघतं. तिरपागडा साहेबांना हे दुकान वाटेल. पण हार्ट फेल्युअरच्या पेशंटला महिनोन् महिने इन्हेलर मारताना मी पाहिलंय. नळी लावली की सुंई सुंई आवाज येतो, आणि तो आवाज हृदयामुळे फुफ्फुसात पाणी साठलं तरी येतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सांगणारी टेस्ट म्हणजे प्रश्न विचारणं, आणि ती नीट करायला वेळ लागतो म्हणून तीच राहते. किती वर्षं सिगारेट, दिवसाला किती. काम काय केलं, दगडाची धूळ, कापसाची धूळ, वेल्डिंग, ॲस्बेस्टॉस. घरात लाकूड-कोळसा-शेणी जाळून स्वयंपाक होत होता का, हे बायकांना तर विचारायलाच हवं, कारण "सिगारेट नाही म्हणजे सीओपीडी नाही" असं धरून त्यांना वर्षानुवर्षं दम्याची औषधं दिली जातात. लहानपणी वारंवार छाती भरत होती का, टीबी होऊन गेला का. टीबी बरा झाल्यावरही मागे राहिलेले व्रण आणि रुंदावलेल्या नळ्या माणसाला आयुष्यभर दम लावू शकतात.

शेवंती
डॉक्टर, खूप आभार. एक विचारू का, दमा आणि सीओपीडी यात फरक कसा करतात मग? दोन्हींत इन्हेलर, दोन्हींत सुंई सुंई. बाबांच्या आईला दमा होता.

छातीवाला
दम्यात अडथळा बदलत राहतो, सीओपीडीत तो मुक्कामाला आलेला असतो. दम्याचा पेशंट आज निळा पडतो आणि आठवड्याने येतो तेव्हा फुंकर ताईंच्या मशीनवर अगदी नॉर्मल फुंकतो. म्हणून दम्याचा संशय असेल तर एकच स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून मी दमा नाही असं म्हणत नाही. हातात साधा पीक फ्लो मीटर देतो, सकाळ-संध्याकाळ फुंकून वहीत लिहा म्हणतो, दोन आठवडे. मोठ्या माणसांमध्ये दिवसातला चढउतार सरासरी १० टक्क्यांच्या वर जात असेल तर ते दम्याकडे बोट दाखवतं. औषधानंतर एफईव्ही वन एकदम बराच वाढला तर तेही. वाढ किती धरायची याचा जुना नियम १२ टक्के आणि २०० मिली असा होता, २०२१ साली जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलून अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त असा केला, अजून दोन्ही वापरात आहेत त्यामुळे दोन लॅबचे शेरे वेगळे आले तर घाबरू नका.

शिवाय श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात, त्याला फेनो म्हणतात, ५० च्या वर असला तर ॲलर्जीची सूज आहे असं समजतो. आणि साध्या सीबीसीमधल्या इओसिनोफिल या पेशी, त्या फुकटात मिळतात आणि कोणी बघत नाही. सीओपीडीतही ३०० च्या वर असतील तर श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा फायदा व्हायची शक्यता जास्त, १०० च्या खाली असतील तर फायदा कमी आणि न्यूमोनियाचा धोका पत्करायचा एवढंच.

आणि हो, काही लोकांत दोन्ही असतं. निसर्ग आमची पुस्तकं वाचून आजार देत नाही.

नदीकाठ
मी इथे फार लिहीत नाही पण या धाग्यावर लिहायलाच हवं.

माझ्या आईला कोरडा खोकला आणि दम, सिगारेटचा संबंध नाही. आधी ॲलर्जी म्हणाले, मग दमा म्हणाले, इन्हेलर चालू, फरक शून्य. स्पायरोमेट्री झाली तर भागाकार एकदम छान, उलट जास्तच, म्हणून "अडथळा नाही, नॉर्मल आहे, टेन्शनमुळे होत असेल" असं एका ठिकाणी ऐकवलं. आई बिचारी स्वतःलाच दोष द्यायला लागली की मीच मनाला लावून घेते.

मग एका डॉक्टर बाईंनी फक्त पाठ तपासली. तिला आई लांब श्वास घेत असताना पाठीत खाली दोन्ही बाजूंना बूट-पिशवीची चिकटपट्टी हळूहळू उघडावी तसा आवाज आला. मला पण नळी कानात घालून ऐकवला, तो आवाज मी कधी विसरणार नाही, चर्र चर्र, श्वास आत घेतानाच शेवटी शेवटी. मग तिने आईची बोटं हातात घेऊन नखं बाजूने बघितली, टोकं फुगीर झाली होती, आम्ही घरातल्यांनी कधी लक्षच दिलं नव्हतं. ती म्हणाली हा नळ्यांचा आजार नाही, फुफ्फुसाच्या जाळीचा आहे, आयएलडी. आणि तोच जुना रिपोर्ट तिने परत बघितला, भागाकार चांगला होता कारण वरचा आणि खालचा दोन्ही आकडे एकत्र कमी झाले होते!! कोणी एकेकटा आकडा बघितलाच नव्हता.

पुढे डीएलसीओ केली, ती अपेक्षेच्या निम्म्याहून कमी. मग एचआरसीटी, म्हणजे जास्त बारकाईचा सीटी, त्यात पालथं झोपवून पण काढला आणि श्वास सोडून पण काढला. मला तेव्हा कळेना की सरळ झोपून झालाय तर परत पालथं का.

फुंकर
नदीकाठ, आई आता कशा आहेत?
डीएलसीओबद्दल मी लिहिते कारण ही टेस्ट लोकांना सगळ्यात गूढ वाटते. आधीच्या टेस्टमध्ये आपण नळ्या तपासतो, हिच्यात हवेतून रक्तात वायू किती सहज जातो ते. पूर्ण श्वास सोडायचा, मग मशीनमधला वायू एका दमात पूर्ण भरून घ्यायचा, साधारण दहा सेकंद रोखायचा आणि सोडायचा. त्या वायूत अगदी थोडा, ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. नाव ऐकून लोक घाबरतात, एवढ्याशा प्रमाणाने काही होत नाही. किती आत गेला आणि किती परत आला यावरून जाळी जाड झालीय का कळतं. मारी क्रोग या डॅनिश डॉक्टर बाईंनी १९१५ च्या सुमारास याची पद्धत मांडली.

रक्त कमी असेल तर ही टेस्ट खोटी कमी येते कारण वायू उचलायला हिमोग्लोबिनच नाही, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा सोबत आणा, आम्ही गणित दुरुस्त करतो. आणि सकाळी सिगारेट ओढून येऊ नका, रक्तात आधीच मोनॉक्साइड असतो मग आकडा पडतो. येतात लोक ओढून. वास येतो आम्हाला.

काचेच्या केबिनमध्ये बसवतात ती अजून वेगळी, बॉडी प्लेथिस्मोग्राफी. श्वास पूर्ण सोडल्यावरही फुफ्फुसात जी हवा उरते ती फुंकून बाहेर येतच नाही, मग मोजणार कशी? तर त्या बंद केबिनमध्ये बसून बंद झडपेवर छोटे छोटे श्वास घ्यायला लावतात आणि दाबाच्या बदलावरून हिशोब करतात. फुफ्फुस आकसलंय असं खात्रीने म्हणायला ही एकूण हवा कमी दिसावी लागते, नुसता एफव्हीसी कमी आला म्हणून आकसलंय असं म्हणता येत नाही. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा, दुसरे मार्ग आहेत.

छातीवाला
@नदीकाठ, पालथं झोपवायचं कारण असं की उताणं झोपल्यावर पाठीकडचा भाग वजनाने थोडा दाबला जातो आणि तिथे धूसर छटा दिसते, आजारासारखीच. पालथं केल्यावर ती गेली तर दाब होता, राहिली तर आजार आहे. आणि श्वास सोडून काढल्यावर काही भाग काळेच राहिले तर तिथे हवा अडकतेय, ते विशिष्ट आजारांत दिसतं.

आईंच्या बाबतीत पक्षी, बुरशी असं काही विचारलं होतं का?

नदीकाठ
हो ना! तेच सांगायचं राहिलं. सीटी बघणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्या रिपोर्टमध्ये एक आजार लिहिला होता, आयपीएफ (कारण न कळणारी, फुफ्फुसाची जाळी घट्ट होत जाणारी आयएलडी), आणि आम्ही नेटवर वाचून रडून मोकळे झालो होतो. मग त्यांची एक मीटिंग असते, छातीचे डॉक्टर, सीटी वाचणारे, सांध्यांचे, पॅथॉलॉजीवाले सगळे एकत्र बसतात आणि एकेक केस मांडतात. त्या मीटिंगच्या आधी त्या बाईंनी मला फोन करून विचारलं, घरात किंवा शेजारी कबुतरं आहेत का, पिसांच्या उशा, ओल, कूलर, भिंतीवर काळे डाग. कबुतरं होती, खिडकीबाहेरच, आईच त्यांना दाणे घालायची. मीटिंगमध्ये तेच सीटी परत बघून निदान बदललं, पक्ष्यांच्या विष्ठा-पिसांमुळे होणारा, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. औषधं वेगळी, पुढची दिशा वेगळी. आता दम आधीपेक्षा कमी आहे, पूर्ण गेला नाही. फुंकर ताई, विचारलंत त्याबद्दल थँक्यू.

तिरपागडा
बरं, मागे घेतो थोडं. पण मग चार डॉक्टर बसून "चर्चा करतात" म्हणजे कोणालाच खात्री नाही असंच ना? तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा की सरळ. काय ते कळेल.

छातीवाला
तुकडा काढणं म्हणजे नखं कापणं नाही हो. ज्याचं फुफ्फुस आधीच काठावर आहे त्याला भूल देऊन तुकडा काढला तर आजार भडकू शकतो, काहींचा जीव गेलाय. आणि तुकडाही नेहमी शेवटचं उत्तर देत नाही, एकाच फुफ्फुसात दोन जागी दोन चित्रं दिसू शकतात. म्हणून आधी सीटीचं चित्र, वय, कामधंदा, घरातली हवा, सांध्यांच्या आजारांच्या रक्ततपासण्या (एएनए, आरए फॅक्टर, अँटी सीसीपी वगैरे) हे सगळं एका टेबलावर ठेवतात. सीटीत मधमाशीच्या पोळ्यासारखं ठरावीक चित्र असेल आणि बाकी गोष्टी जुळत असतील तर तुकडा न काढता आयपीएफ म्हणता येतं. नसेल जुळत तर दुर्बिणीतून फुफ्फुसाचा एक भाग सलाइनने धुऊन त्यातल्या पेशी बघतात, आणि तरीही अडलं तर मग बायॉप्सी. हल्ली दुर्बिणीतूनच गोठवून तुकडा काढायची क्रायोबायॉप्सी निघालीय, अनुभवी हातात असेल तर मोठ्या ऑपरेशनला ती पर्याय म्हणून २०२२ च्या गाइडलाइनमध्ये आली.

खात्री नसते म्हणून बसतात हे तुमचं खरं आहे, पण खात्री नसताना एकट्याने ठरवण्याचा परिणाम काय होतो तेही बघा. आयपीएफला पूर्वी स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन असं तिन्ही एकत्र द्यायचे, सगळीकडे, डोळे झाकून. २०१२ साली अभ्यासाचे निकाल आले तर त्या गटात मृत्यू जास्त, तो भाग मध्येच थांबवायला लागला. तेच स्टेरॉइड नदीकाठ यांच्या आईंच्या आजारात उपयोगी पडू शकतं. नाव चुकलं की औषध विष होतं, म्हणून नावावर एवढा वेळ घालवतो.

अर्धवट_वाचक
डॉक, माझा स्वतःचा रिपोर्ट आहे, वय ४१. त्यात एफईव्ही वन ७२% लिहिलंय. म्हणजे माझं २८% फुफ्फुस गेलं का? रात्रभर झोप नाही.

फुंकर
झोपा 🙂 असं नसतं ते.
तुमचं वय, उंची, लिंग सांगितलं की मशीन तशाच निरोगी माणसांची सरासरी काढतं, तिच्याशी तुमची तुलना, ती ७२. निरोगी माणसांतही पसारा मोठा असतो, ८० ला कोणी रेघ मारून ठेवलेली नाही. म्हणून आता टक्क्यापेक्षा झेड स्कोअर (सरासरीपासून तुम्ही किती लांब आहात तो आकडा) बघतात, उणे १.६४ च्या खाली गेला तर कमी म्हणायचं. आणि उंची जरी चुकीची टाकली तरी टक्का चुकतो. लोक तरुणपणची उंची सांगतात! मी चप्पल काढून मोजतेच. पाठीला बाक आलेल्यांचे दोन्ही हात पसरून अंतर मोजतो आणि त्यावरून उंची धरतो.

तुमचा भागाकार किती आहे आणि औषधानंतरचा रकाना भरलाय का ते सांगा, मग डॉक्टर बोलतील.

छातीवाला
त्याला जोडून, ०.७० ची रेघ पण आंधळेपणाने पाळू नका. वयाबरोबर निरोगी माणसाचाही भागाकार हळूहळू उतरतो, त्यामुळे ऐंशीच्या आजोबांना नसलेला सीओपीडी चिकटवला जातो आणि तरुण माणसाचा खरा अडथळा ०.७० च्या जरा वर लपून राहू शकतो. काठावरचा आकडा असेल तर मी काही दिवसांनी परत फुंकवतो. आणि चाळिशीत, फारशी सिगारेट नसताना अडथळा सापडला तर अल्फा वन अँटिट्रिप्सिन (फुफ्फुसाचं रक्षण करणारं प्रथिन) ही रक्ततपासणी करतो. खरं तर प्रत्येक सीओपीडीवाल्याची आयुष्यात एकदा करावी असंच सांगितलेलं आहे, करत कोणी नाही. १९६३ साली स्वीडनमध्ये दोघा डॉक्टरांना रक्ताच्या तपासणीच्या पट्टीवर एक रेघच गायब दिसली, त्यातून हा आनुवंशिक प्रकार सापडला.

सांजवेळ
आमच्या काकांना कॉरिडॉरमध्ये नुसतं चालायला लावलं सहा मिनिटं, त्याचा काय उपयोग? आम्हाला तर टाइमपास वाटला.

फुंकर
टाइमपास नाही हो. तीस मीटरचा सपाट पट्टा, दोन टोकांना खुणा, पळायचं नाही, दमलात तर थांबा पण घड्याळ चालूच. किती मीटर झाले, ऑक्सिजन किती पडला, दम किती वाटला ते लिहितो. वर ते ९७ टक्केवाले होते ना, त्यांच्यासारखे बसून ९६-९७ आणि तिसऱ्या मिनिटाला ८४ असे लोक मी बघितलेत, ते आयएलडी किंवा फुफ्फुसाच्या रक्तदाबाचे निघतात. बोलायचं पण ठरलेलं असतं, दर मिनिटाला ठरावीक वाक्य, जास्त चिअर केलं तर माणूस जास्त चालतो आणि पुढच्या वेळची तुलना बिघडते.

शेवंती
सगळ्यांचे आभार, बाबांना धागा वाचून दाखवला, कबुतरांच्या भागाला गप्प झाले. जायला तयार आहेत. आता शेवटचे प्रश्न: इन्हेलर चालू ठेवायचा का त्या दिवशी? कवळी काढायची का? आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय.

फुंकर
मोतीबिंदूचं आत्ता सांगताय होय! ते आधी फोन करून सांगा. जोरात फुंकलं की डोळ्यात दाब वाढतो, किती थांबायचं ते डोळ्यांचे डॉक्टर ठरवतील. तसंच नुकताच हार्ट अटॅक, मेंदूचं किंवा छाती-पोटाचं ऑपरेशन, फुफ्फुसाभोवती हवा भरणं, खोकल्यातून रक्त येणं, हेही आधी सांगायचं. टीबीचा संशय असेल तर आधी कफ तपासतात, मग मशीन.

कवळी घट्ट बसत असेल तर राहू दे, ओठांना आधार मिळतो. ढिली असेल तर काढा.

इन्हेलरचं डॉक्टरांना विचारूनच, कारण पहिल्यांदा निदान करायचंय की औषध लागू पडतंय का बघायचंय यावर ते अवलंबून. निदानासाठी असेल तर साधारण असं, लगेच आराम देणारा चार ते सहा तास आधी बंद, दिवसातून दोनदा घ्यायचा एक दिवस, टायोट्रोपियमसारखा दिवसातून एकदाचा दीड-दोन दिवस. पण मध्ये दम लागला तर सरळ घ्यायचा, टेस्टसाठी जीव धोक्यात घालायचा नाही, घेतल्याची वेळ लिहून आणा म्हणजे झालं. पोट भरून जेवून येऊ नका, कमरेला घट्ट काही नको.

आणि निघताना आलेख असलेलं पान मागून घ्या, सगळ्या फुंकांचं. नुसते आकडे आणि खाली एक ओळीचा शेरा असलं पान देतात बऱ्याच ठिकाणी. आलेख असला की दुसऱ्या डॉक्टरांना दिसतं की माणूस शेवटपर्यंत फुंकला होता का मध्येच खोकला.

अर्धवट_वाचक
माझा औषधानंतरचा रकाना रिकामाच आहे. फोन लावतो लॅबला.